शिमल्यात जन्मला म्हणून गिब्सन आपला?

तापीकाठ: काल आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या गटात पोस्ट वाचली, 'जर्मनीची धरणं फोडणारा वैमानिक गाय गिब्सन शिमल्यात जन्मला, या भूमिपुत्राला नमन.' डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो. 16-17 मे 1943च्या रात्री इंग्रजांची 19 लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं निघाली, म्योने आणि एडर ही धरणं फुटली, खाली हजाराच्या वर माणसं बुडाली. निम्म्याहून जास्त हिटलरने धरून आणलेले परदेशी मजूर, त्यात कितीतरी बाया. ज्यांना सोडवायचं तेच बुडवले! आणि आठच महिने आधी, 9 सप्टेंबर 1942ला, त्याच इंग्रज सरकारच्या पोलिसांनी नंदुरबारात 15 वर्षांच्या शिरीषकुमारला गोळ्या घातल्या. भूमिपुत्र कोण ते आधी ठरवा.

रावेरकर: पोस्ट माझीच. 'भूमिपुत्र' मागे घेतो, बाकी एक अक्षर नाही. पाण्यापासून 60 फुटांवरून, रात्री, समोरून तोफा. 133 जणांतले 53 मेले. आपला बॉम्ब टाकून झाल्यावरही हा दुसऱ्याच्या विमानाशेजारी उडत राहिला, मारा आपल्याकडे वळावा म्हणून. वय 24.

कपाशीवाला: छाती होती, नाही कोण म्हणतं? पण पाणी काय करतं ते आम्हाला विचारा भो. आमच्या वरच्या धरणातून रात्री पाणी सोडलं, निरोप आला सकाळी. केळी आडवी, घडांत गाळ. स्टार्टरची पेटी उघडली तर आत चिखल आणि एक मेलेला मासा. पंचनाम्यात मोटर धरलीच नाही.

रावेरकर: विषय काय, तुमचं चाललंय काय? प्रत्येक धाग्यावर तुमची मोटर!

कपाशीवाला: विषय हाच आहे. वरून धरण दिसतं, खालची खाट दिसत नाही. तुमचं शेत नदीकाठी असतं तर असं बोलला नसता.

तापीकाठ: आमच्याकडेही पंचनामा असाच झाला. पाइपलाइन गेली, लिहिलं फक्त 'पीक नुकसान'.

भुसावळची लेक: तुम्ही दोघं भांडा, माझं ऐका. माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. परत आले तर गावात 'इंग्रजांचा शिपाई'. मरेपर्यंत पदकं पत्र्याच्या पेटीत, आजीच्या लुगड्यांखाली. शिरीषकुमारचं नाव निघालं की तेही हात जोडायचे. दोन्ही एकाच माणसात असू शकतं. आणि गिब्सन पदक मिळवून घरी बसला नाही. पुन्हा उडायला वरिष्ठांच्या मागे लागला. 19 सप्टेंबर 1944ला कामगिरीवरून परतताना हॉलंडात स्टीनबर्गनजवळ त्याचं मॉस्किटो विमान कोसळलं. तोही गेला, सोबतचा नॅव्हिगेटरही. पुरलंही तिथंच. वय 26.

तापीकाठ: 26 म्हणजे माझ्या धाकट्याएवढा. बरं, नमन करा, मी आडवा येत नाही. पण त्या बुडालेल्या बायांचाही उल्लेख त्याच पोस्टमध्ये हवा.

रावेरकर: टाकतो. तुमच्या सांगण्यावरून नाही, ताईंच्या आजोबांसाठी.

तापीकाठ: चालेल. कपाशीवाले भाऊ, पंचनाम्याची नक्कल घेतली होती का? असेल तर इथे टाका, माझ्याशी ताडून पाहू.