चर्चनं गुलामगिरी मोडली की पोसली?

कालवाकाठ: सुधारणेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच 'आधी धर्म बाजूला ठेवा' असा सूर लागतो. अमेरिकेत १९व्या शतकाच्या पूर्वार्धात नेमकं उलट घडलं, धर्मजागृतीच्या लाटेनंच गुलामीविरोधाला बळ दिलं, असं माझं मत. चार्ल्स फिनी हा वकिली सोडून प्रवचनकार झालेला माणूस. सप्टेंबर १८३० ते मार्च १८३१ तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात तळ ठोकून होता. तिथून जाणारा एरी कालवा १८२५मध्ये पुरा झालेला, पिठाच्या गिरण्यांवर गाव फुगलेलं. जुने कॅल्व्हिनपंथी (एक कडक प्रोटेस्टंट पंथ) सांगायचे, कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलंय. फिनी म्हणायचा, पाप सोडणं तुझ्या हातात आहे, आजच ठरव. पुढचा एक बाक तो राखून ठेवायचा. ज्याच्या मनात चलबिचल असेल त्यानं सगळ्यांदेखत तिथं येऊन बसायचं. पाप आत्ता सोडता येतं हे एकदा पटलं, की गुलाम बाळगणंही आत्ताच सोडायला हवं, टप्प्याटप्प्यानं नाही. थिओडोर वेल्ड त्याच्याच प्रवचनांतून घडला आणि पुढे गुलामीविरुद्ध गावोगाव बोलत हिंडला. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजनं काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचं ठरवलं ते १८३५मध्ये, आणि त्याच वर्षी फिनी तिथं शिकवायला गेला.

खडूस वाचक: बाक छान. आता गुलामीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथन उघडा. त्याचा मालक थॉमस ऑल्ड ऑगस्ट १८३२मध्ये मेरीलँडात मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या प्रवचन-मेळाव्याला गेला आणि तिथं त्याला धर्म सापडला. डग्लसला आशा वाटली, आता हा आपल्याला सोडेल, निदान मायेनं वागेल. झालं काय? पूर्वीपेक्षा क्रूर झाला. एका पांगळ्या तरुणीला बांधून चाबकानं फोडायचा आणि वर बायबलमधलं वचन म्हणायचा. मेळावे तेच, प्रार्थना त्याच. तुमच्या फिनीनंही न्यूयॉर्कात गुलाममालकांना प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) नाकारलं, पण काळ्यांची बसायची जागा वेगळीच ठेवली. देवळात घेतलं, पंगत मात्र निराळी!

पुस्तकी किडा: आणि चर्चबाहेरून गुलामीविरुद्ध बोलणारे लेखक? निबंधकार एमर्सननं १८३२मध्ये पाळकपदच सोडलं. त्याचा लेखक-मित्र थोरो १८४६मध्ये गुलामी चालू देणाऱ्या सरकारला कर न भरल्याबद्दल एक रात्र तुरुंगात राहिला, तोही कुठल्या चर्चचा नव्हता.

कालवाकाठ: पण घराघरांत पोचलं कोण? टॉम नावाच्या गुलामाची कादंबरी 'अंकल टॉम्स केबिन' १८५२मध्ये पुस्तकरूपात आली, आणि अमेरिकेत पहिल्या वर्षात ३ लाख प्रती खपल्या. तिची लेखिका हॅरिएट बीचर स्टो ही प्रवचनकार लायमन बीचरची मुलगी. टॉम मरताना क्षमा करतो, तिथं रडणारे वाचक लहानपणापासून प्रवचनं ऐकूनच तयार झालेले होते. एमर्सनवर कोण रडलं? राहिला डग्लस. त्यानं पुस्तकाच्या शेवटी मुद्दाम लिहिलंय की माझा रोख गुलाममालकांच्या धर्मावर आहे, ख्रिस्ताच्या नाही.

खडूस वाचक: लिहावं लागलं, यातच आलं की सगळं.

नगरकर: यातला एक धागा आमच्या गावापर्यंत येतो. त्याच धर्मजागृतीच्या लाटेत १८१०मध्ये मॅसॅच्युसेट्सला परदेशी मिशनांसाठी बोर्ड निघालं आणि त्याची माणसं १८१३मध्ये मुंबईत उतरली. त्याच मिशनची सिंथिया फरार पुढे अहमदनगरला मुलींची शाळा चालवायची. ती पाहून आल्यावर जोतीरावांनी पुण्यात १८४८मध्ये शाळा काढली. १८७३ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती मात्र गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकी लोकांना, कुठल्याही मिशनला नव्हे.

खडूस वाचक: बरं झालं बोर्डाचं नाव काढलंत. याच बोर्डाच्या चेरोकी आणि चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांमधल्या चर्चमध्ये गुलाम बाळगणारे सभासद होते. त्यांना काढायला बोर्ड तयार होईना, म्हणून चिडलेल्यांनी १८४६मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन वेगळी काढली.

कालवाकाठ: चिडलेले कोण होते? तेही धार्मिकच ना?

खडूस वाचक: होते. पण बाहेर पडावं लागलं त्यांना.