रंगीत पाकिटं बंद करा म्हणे!

गोळीवाला (धागाकर्ता):
काल 'पीसीआरप्रेमी' यांनी फतवा काढला: सुरक्षा क्लिनिकात (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) लक्षण ऐकून रंगीत पाकीट हातावर ठेवतात, तपासणी शून्य, जंतू निगरगट्ट होतात, सबब पाकिटं बंद करा आणि तालुक्या-तालुक्यात जंतू नेमका ओळखणारं पीसीआर यंत्र बसवा. वाहवाही भरपूर झाली. तिथल्या गर्दीत लिहून उपयोग नाही म्हणून वेगळा धागा.

लघवीच्या जागी पू आणि जळजळ असलेला माणूस आला, की राखाडी पाकीट: अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्सिम ४०० मिग्रॅ, दोन्ही एकदाच. पाण्याचा ग्लास देऊन समोर गिळायला लावायचं. जोडीदारासाठी चिठ्ठी आणि तेच पाकीट, एचआयव्ही आणि आरपीआरला (सिफिलिसची चाचणी) रक्त, सातव्या दिवशी परत बोलावणं. तुमचा स्वॅब जिल्ह्याला जाऊन रिपोर्ट येईपर्यंत हा गडी टोळीबरोबर उसाच्या फडात पोचलेला असतो. रिपोर्ट काय मुकादमाला वाचून दाखवायचा? पाकीट फसतं ते पिशवीत घालून घरी धाडलं की. अर्धं तो खातो, अर्धं मित्राला देतो. तो दोष देणाऱ्याचा, पाकिटाचा नव्हे.

पीसीआरप्रेमी:
राखाडीचं कौतुक पुरे, हिरव्याबद्दल बोला. अंगावरून पांढरं जातं म्हटलं की सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ. यातल्या बहुतेकींना लैंगिक संसर्ग नसतोच, योनीतल्या जिवाणूंचा तोल गेलेला असतो नाहीतर बुरशी असते. उलट क्लॅमिडिया हा लैंगिक संसर्ग झालेल्या बहुतेक बायकांना काहीच त्रास होत नाही, त्या येणारच नाहीत. म्हणजे ज्यांना संसर्ग नाही त्यांना पाकीट आणि ज्यांना आहे त्यांना ठेंगा.

आणि सेफिक्सिम? अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२० मध्येच गनोरियाला (परम्याला) सेफट्रायक्झोन ५०० मिग्रॅचं इंजेक्शन पहिलं ठरवलं. घशातल्या संसर्गाला सेफिक्सिम पुरतच नाही. वर हिरव्या पाकिटासोबत नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी देऊन घरात आग लावता ते वेगळंच.

साधीसिस्टर:
दादा, आधी वाचा मग लिहा. हिरव्याला सरसकट चिठ्ठी नसते, नवऱ्याला त्रास असेल तरच. चिठ्ठी लागते राखाडीला. तो फरक करायला स्पेक्युलम (आत बघायचा चिमटा) लावून गर्भाशयाचं तोंड बघावं लागतं. तिथून पू येत असेल तर नुसतं हिरवं देऊन चालत नाही, राखाडीही द्यायचं. ओपीडीला चाळीस बायका, निर्जंतुक स्पेक्युलम पाच, आणि पडद्याच्या जागी चादर. मग सगळ्याच हिरव्या.

यंत्र नकोय हो, पीएचच्या (आम्लता मोजायच्या) पट्ट्या द्या. ४.५ च्या वर गेला आणि १० टक्के केओएच या क्षाराच्या थेंबाला माशासारखा वास आला, की जिवाणूंकडे बोट जातं. घट्ट दह्यासारखं, खाज आणि पीएच नेहमीचा, तर बुरशी.

आणि २०१९ विसरलात का? बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हेंची समिती बसली, ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी पांढरं जातं, ओटीपोट दुखतं एवढंच सांगत खाजगीत गेलेल्या. चार गोळ्यांनी पिशवी वाचत असेल तर मला हिरवं पाकीट गोड आहे.

खरी रड पांढऱ्या पाकिटाची आहे, गुप्तांगावर जखम असणाऱ्यांना द्यायच्या, पेनिसिलिनचं इंजेक्शन असलेल्या. त्यावर कुणीच बोलत नाही.

रोटेटरवाला:
सिस्टर, नेमकं बोललात. कपाटातली पांढरी पाकिटं मुदत संपून जातात आणि निळी संपतात. निळं पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी: डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा १५ दिवस आणि अ‍ॅझिथ्रो १ ग्रॅम. आपल्याकडे जखम घेऊन आलेला प्रत्येक जण जन्मतः अ‍ॅलर्जीवाला निघतो वाटतं.

रात्रपाळीचा डॉक्टर:
टोमणे मारणं सोपं आहे. बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट टोचल्यावर पेशंट कोसळला तर जबाबदार मी. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१० चा कायदा कागदावर आहे, तोडफोड खिडक्यांची होते. आमच्यासारख्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे की नाही हे टोचायच्या आधी कोण सांगणार? त्यापेक्षा निळं देतो. हो, देतो.

साधीसिस्टर:
गरोदर बाईलाही देता का निळं? डॉक्सी तिला चालत नाही. नुसत्या अ‍ॅझिथ्रोने पोटातल्या बाळाचा सिफिलिस बरा होईल याचा भरवसा नाही. तिला पेनिसिलिनच, आणि तेही बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी, नाहीतर बाळाचे उपचार पुरे झाले असं धरत नाहीत. नवव्या महिन्यात "जिल्ह्याला जा" लिहून सही ठोकणाऱ्यांनी कायद्याच्या गोष्टी सांगू नयेत.

रात्रपाळीचा डॉक्टर:
वैयक्तिक होऊ नका. टेस्ट डोस निगेटिव्ह आला की मी देतो.

साधीसिस्टर:
टेस्ट डोस कशाचा? त्याच दुधाळ औषधाचा थेंब कातडीत टोचलात तर नुसत्या चुरचुरीनेही लाली येते आणि तुम्ही पॉझिटिव्ह लिहून मोकळे. निगेटिव्ह आला म्हणून रिअ‍ॅक्शन येणारच नाही असंही नाही. सूचनांत टेस्ट डोसच्या शेजारीच इमर्जन्सी ट्रे लिहिलाय, तो मात्र डोळ्यांना दिसत नाही. आधी तोंडाने विचारा: पूर्वी पेनिसिलिन घेतलं होतं का, अंगावर गांधी उठल्या का, दम लागला का. अ‍ॅड्रिनालिन १:१००० चं अ‍ॅम्प्यूल फोडायच्या तयारीत ठेवा, रिअ‍ॅक्शन आली तर तेच वाचवतं. मोठ्या माणसाला ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसवा.

सुई चोंदते हीसुद्धा तक्रार असतेच. पाकिटात १० मिली पाणी, १० मिलीची सिरिंज आणि २१ नंबरची सुई कशाला दिलीय? २४ नंबरने ते जाणार नाही. पाणी घालून हलवलं की लगेच भरायचं, फोन घेत बसलात तर साका खाली बसतो. १२-१२ लाख दोन्ही कुल्ल्यांत, वरच्या बाहेरच्या भागात. मागे ओढून रक्त येत नाही बघायचं, कारण हे शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. मग एका दमात, हळू पण न थांबता. मध्ये थांबलात की सुई बसलीच. रात्री ताप-थंडी भरेल हे आधीच सांगायचं, नाहीतर तीच रिअ‍ॅक्शन म्हणून गावभर होते.

रोटेटरवाला:
ताई, हे छापून भिंतीला लावा.

आता माझंही घ्या. गरोदर बाईच्या पहिल्या भेटीला एचआयव्ही आणि सिफिलिसची जोडपट्टी लावतात, छान. पण ही पट्टी उपचारानंतरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येते. दुसऱ्या खेपेला पुन्हा दोन रेघा, पुन्हा रडारड, नवरा निघून गेलेला. तिथे आरपीआरचा टायटर (रक्त किती पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) लागतो: १:८ चा १:२ झाला तर उपचार लागू पडला. मागच्या वेळचा कागद मात्र कोणाकडेच नसतो. आणि आरपीआरचा रोटेटर (नमुना फिरवणारं यंत्र) मिनिटाला १०० फेऱ्या, ८ मिनिटं. व्हीडीआरएलच्या (सिफिलिसची दुसरी चाचणी) १८० वर ठेवून चार मिनिटांत उरकलात तर चुकीचंच वाचणार. अंगभर पुरळ आहे आणि आरपीआर निगेटिव्ह दिसतोय? सिरम (रक्तातलं पाणी) पातळ करून पुन्हा लावा. अँटिबॉडी फार झाल्या तरी गुठळी धरत नाही.

पीसीआरप्रेमी:
वा, म्हणजे शेवटी सगळे प्रयोगशाळेवरच आलात. मी काय वेगळं म्हणत होतो?

गोळीवाला:
तुम्ही पाकिटं बंद करा म्हणत होतात. शब्द फिरवू नका. तरी एक मान्य: कोणतं औषध अजून चालतंय हे पाहायला निवडक ठिकाणी कल्चर (जंतू वाढवून बघणं) लावलंच पाहिजे, नाहीतर सेफिक्सिम गेलं कधी हे आपल्याला शेवटी कळेल. घ्या, खूश? पण पीसीआर त्याला अर्धवटच उपयोगी. औषध लागू पडतंय का हे बघायला जंतू जिवंत वाढवावा लागतो, आणि गनोरियाचा जंतू स्वॅबवर वाळला की मेला.

रात्रपाळीचा डॉक्टर:
सिस्टर, अ‍ॅड्रिनालिनचं अ‍ॅम्प्यूल फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर?

साधीसिस्टर:
बाहेरच, २५ अंशांच्या खाली, उजेडापासून लांब. पाणी गुलाबी-तपकिरी दिसलं तर फेकायचं. आणि ट्रेवर ठेवा, कपाटाला कुलूप लावून किल्ली घरी नेऊ नका.