पीएस५ कन्सोल १०.२८ टेराफ्लॉप्स (सेकंदाला लाख कोटी गणितं), आरएक्स ७६०० ग्राफिक्स कार्ड २१.७५. मग दुप्पट एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) का नाही?

जुनाबोर्ड: रायझेन ५ ३६०० सीपीयू, बी४५० मदरबोर्ड, आरएक्स ७६०० (८ जीबी), १६ जीबी रॅमची एकच स्टिक. कागदावर कार्ड पीएस५च्या दुप्पट. पण तोच गेम पीएस५वर ६०ला चिकटून चालतो. माझ्याकडे १४४०पी रेझोल्यूशन, अल्ट्रा सेटिंगला ४५-५०, आणि नवीन भागात शिरलं की गचके. कार्डात दोष आहे का?

शेडरमास्तर: कार्ड ठणठणीत आहे, आकडा फसवा आहे. स्वतः गुणून बघा: सीयू (चिपमधले गणित करणारे गट) × प्रत्येकात ६४ गणक × क्लॉकला २ गणितं × क्लॉकचा वेग.
पीएस५: ३६ सीयू × ६४ × २ × २.२३ गीगाहर्ट्झ = १०.२८
तुमचं: ३२ × ६४ × २ × २.६५५ = १०.८७
आरडीएनए ३ (तुमच्या कार्डाच्या चिपची रचना) एका क्लॉकला दोन सूचना सोडू शकतं, म्हणून खोक्यावर २१.७५. पण तशी जोडी कंपायलरला (कोड चिपच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) लावता आली तरच, आणि गेमच्या कोडमध्ये ती थोडीच लागते. म्हणजे ताकद जवळपास पीएस५इतकीच. त्यात तुम्ही अल्ट्रा लावलंय. कन्सोलवर बहुधा मीडियम-हायची भेसळ असते, आणि रेझोल्यूशन गुपचूप खाली-वर होत असतं. आधी सावल्या आणि रिफ्लेक्शन मीडियमवर आणा, एफएसआर (कमी रेझोल्यूशनला काढलेलं चित्र मोठं करणारी सोय) क्वालिटीवर ठेवा, मग तुलना करा.

व्हीरॅम_भरला: गचक्यांचं कारण वेगळं असावं. पीएस५मध्ये १६ जीबी सामायिक मेमरी आहे, ४४८ जीबी प्रतिसेकंद. तुमच्याकडे ८ जीबी, २८८. शिवाय ७६०० फक्त ८ लेनचं (बोर्डाशी जोडणाऱ्या ८ वाटांचं) कार्ड आहे आणि बी४५०वर पीसीआय ३.० (त्या जोडणीची जुनी पिढी) मिळतं, म्हणजे जेमतेम ८ जीबी प्रतिसेकंद. व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ओसंडला की टेक्श्चर त्या बोळातून ये-जा करतात. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, जीपीयू उघडा. डेडिकेटेड (व्हीरॅम) ७.५ जीबीच्या वर आणि शेअर्ड (उसनी घेतलेली रॅम) चढत चाललं असेल तर टेक्श्चर एक पायरी उतरवा. बाकी काही हलवू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

जुनाबोर्ड: टेक्श्चर हायवर आणले, शेअर्ड वाढायचं थांबलं. गचके निम्मे झाले, गेले नाहीत.

शेडरमास्तर: आता रॅम. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, बँडविड्थ निम्मी. तशीच दुसरी घ्या आणि सीपीयूपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २१३३ किंवा २४०० दिसला तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद आहे, चालू करा. पीएस५मध्ये डेटा उलगडायला वेगळं हार्डवेअर आहे. पीसीवर बहुतेक गेममध्ये हे काम सीपीयूच्याच डोक्यावर, त्यामुळे नवीन भाग लोड होताना ३६०० दमतो.

व्हीरॅम_भरला: आणि ड्रायव्हर अपडेटनंतर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल पूर्ण होऊ द्या, स्किप करू नका. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं, म्हणून शेडर तयारच येतात. शेवटी ६० एफपीएसची कॅप (मर्यादा) लावून फ्रेम टाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ) बघा: रेघ १६.७ मिलिसेकंदांवर सपाट राहिली की झालं. सरासरी एफपीएसमध्ये गचके दिसतच नाहीत.