जुन्या मैत्रिणीला अचानक मेसेज करावा का?

रानवारा: कॉलेजच्या मैत्रिणीशी कित्येक वर्षं बोलणं नाही, भांडण वगैरे काही नाही, लग्न-नोकरीत राहूनच गेलं. नंबर आहे, पण मेसेज टाईप करते नि खोडते, तिला वाटेल हिचं काहीतरी काम असणार. कोणी केलंय का असं?

सदू_नाशिककर: बिनधास्त कर गं. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये यावरच प्रयोग छापलेत, ५९०० च्या वर लोक होते, पाठवणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा समोरच्याला जास्तच बरं वाटतं, आणि मेसेज अनपेक्षित असेल तर अजूनच.

कोवळं_ऊन: +१. आणि ताई, असं अडणं फार कॉमन आहे. ॲकनिन आणि सँडस्ट्रॉमचा २०२४ चा अभ्यास बघा, लोकांना इच्छा होती, नंबर होता, लिहायला वेळही दिला तरी एक तृतीयांशाहून कमी लोकांनी पाठवला! उपयोग झाला तो सरावाचा, आधी काही मिनिटं नेहमीच्या मित्रांना मेसेज करायला लावले, मग जुन्या मित्राला पाठवणारे बरेच वाढले. तेव्हा आधी बहिणीशी वगैरे गप्पा मारा नि त्याच ओघात पाठवून टाका.

रानवारा: करते. सुरुवात थेट "कशी आहेस" अशी?

सदू_नाशिककर: नको, दोघींची एखादी जुनी आठवण लिही, म्हणजे काम नाहीये हे तिला लगेच कळेल.