सोसायटीत एकाच कंपनीचं ब्रॉडबँड, काय करता येईल?
मंडळी जरा मदत हवीये. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कमिटीने एकाच इंटरनेटवाल्याला आत घेतलंय, परवा मी दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावला तर तो बिचारा फायबरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन गेटवरच अर्धा तास उभा, वॉचमन म्हणतो आधी सेक्रेटरींचं पत्र आणा. आणि डक्टमध्ये (केबल टाकायच्या पोकळीत) जागा आहे हो, मी स्वतः टॉर्च मारून बघितलंय! ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१७ मध्येच शिफारस केली होती की बिल्डिंगमधल्या केबल, डक्ट सगळ्या कंपन्यांना वापरता यावेत आणि असे एकाशीच करार बंद व्हावेत, पण शिफारस म्हणजे कायदा नाही ना, आणि ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही. मग सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जायचं का स्पर्धा आयोगाकडे? कुणी केलंय का असं?