अनुभव धागा : आपली पार्श्वभूमी समाजकार्यात कुठे कामी येते, कुठे आडवी येते?

समाजकार्य शिकायला येणाऱ्याचं घर, वर्ग, जात, धर्म, लिंग, भाषा सगळं त्याच्याबरोबर वर्गात येतं आणि पुढे गृहभेटीलाही जातं. ते ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय? आपबीती नको. वापरून पाहिलेली रीत लिहा, आणि ती कुठे फसते तेही.

• • •

सुरुवात कागदावर करावी. जीनोग्राम (कुटुंबातली माणसं आणि त्यांची नाती खुणांनी दाखवणारा आराखडा) क्लायंटचा, म्हणजे ज्याला मदत करायची त्याचा, काढायला शिकवतात, पण पहिला स्वतःचा काढावा. तीन पिढ्या. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, निधन झालेल्या व्यक्तीवर फुली, भांडणाच्या नात्याला करवतीसारखी रेघ. मग दुसऱ्या शाईनं तीन नोंदी: पैशाचा निर्णय कोण घ्यायचं, आजारपणं कोण काढायचं, आणि कुठला विषय निघाला की सगळे गप्प व्हायचे. तिसरी नोंद सर्वांत कामाची. आपलं घर ज्यावर गप्प असतं त्यावरचा प्रश्न मुलाखतीत विचारायचा राहून जातो, आणि राहिला हे कळतही नाही.

• • •

वरच्या प्रतिसादाला जोड. घराणं कळलं तरी समाजातली जागा त्यात दिसत नाही. त्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पामेला हेज यांची १९९६ ची मांडणी सोपी पडते: वय, अपंगत्व, धर्म, वंश, आर्थिक-सामाजिक स्तर, लैंगिक कल, आदिवासी वारसा, राष्ट्रीयत्व, लिंग. एकेका ओळीत स्वतःची जागा लिहायची आणि जिथे आपण प्रबळ गटात आहोत तिथे तारा काढायचा. नंतर प्रत्येक ओळीवर पाच-पाच वाक्यं. तारा असलेल्या ओळींत पेन अडखळतं. तिथे आपल्याला कधी विचार करावाच लागलेला नसतो, त्यामुळे नजरेचा आंधळा कोपराही तिथेच असतो.

मात्र ओळींची बेरीज करू नका. अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हेच दाखवलं: कृष्णवर्णीय स्त्रीचा अनुभव म्हणजे वंशाचा त्रास अधिक लिंगाचा त्रास नव्हे, दोन्ही मिळून तिसरंच काही तयार होतं.

• • •

तक्ते ठीक आहेत, पण पार्श्वभूमी रंगेहाथ पकडायची तर गृहभेटीच्या अहवालातली विशेषणं शोधा. ‘घर अस्वच्छ, आई उदासीन.’ हे निरीक्षण नाही, निकाल आहे. ते खोडून दिसलं तेवढंच लिहायचं: ‘एकच खोली. दोरीवर ओले कपडे. कोपऱ्यात कचऱ्याच्या तीन भरलेल्या पिशव्या. मूल रडल्यावर आईनं बसल्या जागेवरून हाक मारली, उठली नाही.’ आता प्रश्न सुचतात. कचरा उचलायला कोणी येतं का? आई रात्रपाळी करून आलीय का? मोठ्या, नीटनेटक्या घरात वाढलेला विद्यार्थी गरिबीला दुर्लक्ष समजतो. तंगीत वाढलेला बरोबर उलटा चुकतो: ‘आमच्याकडेही असंच होतं’ म्हणत खरं दुर्लक्ष नजरेआड करतो. दुसरी चूक जास्त घातक, कारण ती सहानुभूतीसारखी दिसते.

• • •

अगदी. ‘मी त्यांच्यातलाच’ याचे फायदे खरे आहेत: बोली कळते, टोमणा कळतो, विश्वास लवकर बसतो. तोटा असा की प्रश्न गाळले जातात. बाई म्हणते, ‘आमच्यात कसं असतं तुम्हाला माहीतच आहे,’ आणि विद्यार्थी मान डोलावतो. तिथेच मुलाखत संपली. म्हणायचं एवढंच: ‘थोडं माहीत आहे, पण तुमच्या घरी कसं, ते सांगा.’

दुसरी अडचण गुप्ततेची. समाज लहान असेल तर क्लायंटला भीती वाटते की गोष्ट नातेवाइकांपर्यंत जाईल. पहिल्याच भेटीत विचारावं, की वेगळा कार्यकर्ता हवा आहे का. बाहेर गाठ पडली तर ओळख आपण आधी दाखवायची नाही, हेही तेव्हाच सांगून टाकावं.

• • •

प्रोसेस रेकॉर्डिंगचा, म्हणजे मुलाखतीतला संवाद आठवून शब्दशः लिहून काढण्याचा, कंटाळा सगळ्यांना येतो, पण याला पर्याय नाही. पूर्ण मुलाखत उतरवत बसू नका. जिथे काहीतरी खटकलं तो दहा मिनिटांचा तुकडा घ्या. चार रकाने: कोण काय बोललं, त्या क्षणी मला काय वाटलं, आता त्याचा अर्थ काय लावतो, आणि सुपरवायझरचा, म्हणजे आपलं काम तपासणाऱ्या मार्गदर्शकाचा, शेरा. त्याच दिवशी लिहावं. दोन दिवसांनी लिहिलं की संवाद आपोआप शहाणा होतो, आपण बोलायला हवं होतं ते बोललो असं वाटू लागतं. दुसरा रकाना रिकामा राहिला किंवा त्यात ‘वाईट वाटलं’ एवढंच असलं तर परत लिहायला लावतात, आणि ते योग्यच.

मराठीत एक आयती खूण मिळते. संवादात ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठे झालं तिथे गोल करा. कोणाच्या बाबतीत झालं, कोणाच्या नाही, एवढं पाहिलं तरी वय, वर्ग आणि लिंग कसं आत शिरतं ते दिसतं.

• • •

स्वतःचा अनुभव क्लायंटला सांगावा का, यावर एक चाळणी. हे सांगून मोकळं कोणाला वाटणार, त्यांना की मला? उत्तर ‘मला’ असेल तर ते सुपरव्हिजनच्या तासाला, म्हणजे सुपरवायझरपाशी, बोला. सांगायचंच असेल तर दोन वाक्यांत, आणि लगेच बोलणं त्यांच्याकडे परत. समोरचा आपलं सांत्वन करू लागला, की समजा प्रमाण चुकलं. आणि ज्या जखमेबद्दल शांतपणे बोलता येत नाही, त्या प्रकारची केस अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात मागून घेऊ नये. क्षेत्रकार्याची (शिकताना प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायच्या कामाची) जागा ठरतानाच हे सांगावं. त्याचे गुण कापले जाऊ नयेत, ही जबाबदारी शिकवणाऱ्यांची.

• • •

प्रवेशासाठी निवेदन लिहिणाऱ्यांना थोडक्यात: काय घडलं याला एक परिच्छेद पुरे. बाकी जागा त्यातून कुठला पूर्वग्रह तयार झाला आणि तो कसा तपासता, याला द्या. ‘मला लोकांचं दुःख कळतं’ हे वाक्य काढून टाका. निवड करणाऱ्याला त्यात न ऐकणारा माणूस दिसतो.