मानेतील चकती आणि हाताच्या मुंग्या

आपल्या एमआरआयच्या अहवालात मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधील चकती (दोन मणक्यांमधली मऊ गादी) फुगल्याचे लिहिले आहे आणि त्यामुळे शस्त्रक्रिया अटळ आहे का, असे आपण विचारले आहे. चाळिशीनंतर चकतीतील पाण्याचे प्रमाण घटत जाते, त्यामुळे मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही अशी चकती दिसते. म्हणून केवळ अहवालावरून नव्हे, तर लक्षणे त्याच्याशी जुळतात का हे पाहून निर्णय घ्यावा लागतो. या जागी मानेतून हातात जाणाऱ्या सहाव्या नसेवर (म्हणजे मज्जातंतूवर) दाब येतो आणि मुंग्या अंगठा व तर्जनीकडे जातात. त्याखालच्या चकतीमुळे सातवी नस दबली, तर बहुधा मधले बोट बधिर होते. (अंगठ्याच्या मुंग्या मनगटातील नस दबल्यानेही येतात, त्यामुळे तीही तपासून घ्यावी.) नसेचे असे दुखणे बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत औषधे आणि व्यायामाने कमी होते. मात्र शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे आहेत, आणि त्यांत वेदना अजिबात नसली तरी मेंदू-मणका शल्यविशारदांना विनाविलंब दाखवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.